केसपेपर आणि कानोसा : गर्भहानीच्या अनुभवाची भाषा

मराठीत स्त्रीला गर्भ राहिला म्हणजे तिला ‘दिवस गेले’ असे म्हणतात. माणूस मरण पावला म्हणजे तो ‘गेला’ असेही म्हणतात. एकच क्रियापद जीवनाच्या आरंभाला आणि अंताला पुरे पडते. मात्र हे दोन अर्थ एकाच घटनेत भेटतात, पोटातले मूल जन्मापूर्वीच जाते, तेव्हा भाषा अडखळते. ‘पोट पडले’ एवढे म्हणून बोलणारा थांबतो. प्रस्तुत लेखात या अडखळण्याचा विचार करावयाचा आहे. गर्भहानीचा अनुभव आज मुख्यतः रुग्णालयात घडतो आणि तेथील केसपेपरात नोंदला जातो. ही नोंद आणि आपले चरित्र-कादंबरीवाङ्मय वरवर पाहता फार दूरची वाटतात. तथापि दोहोंत हे दुःख जवळजवळ एकाच रीतीने हरवते, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे : दोन्हीकडे ते पुढच्या कशाची तरी पायरी ठरते.

हा प्रश्न रायपूरमधून पाहण्यास कारण आहे. १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात असलेल्या या प्रदेशात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे आणि पुढे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे माधवराव सप्रे याच परंपरेतले. भाषांतर हा येथला रोजचा व्यवहार आहे. १९६३ साली स्थापन झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय लोकांच्या तोंडी ‘मेकाहारा’ झाले. ‘मेडिकल कॉलेज हॉस्पिटल, रायपूर’ या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांनी छत्तीसगढी वळण घेतले. अशा शहरातील प्रसूतिकक्षात वेदना छत्तीसगढीत, क्वचित मराठीत वा ओडियात सांगितली जाते, विचारपूस हिंदीत होते आणि नोंद इंग्रजीत उतरते. या प्रत्येक पायरीवर काय गळते, हा तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाचाच प्रश्न होय.

कोणत्याही भारतीय रुग्णालयाचा केसपेपर पाहिला तर स्त्रीचा पूर्वेतिहास जी, पी, एल, ए अशा अक्षरांत आणि त्यापुढील आकड्यांत लिहिलेला आढळतो : किती वेळा गर्भ राहिला, किती प्रसूती झाल्या, किती मुले हयात आहेत, किती ‘अबॉर्शन’. आपोआप गेलेला गर्भ आणि इच्छेने काढलेला गर्भ यांना येथे एकच अक्षर आहे. उपचारासाठी ही संक्षिप्तता आवश्यकच असते. प्रश्न निर्माण होतो तो हा संक्षेप संबोधनाची भाषा होऊ लागतो तेव्हा. रिचर्ड बिअर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली ‘लॅन्सेट’मध्ये पत्र लिहून आपोआप झालेल्या गर्भहानीला ‘अबॉर्शन’ न म्हणता ‘मिसकॅरेज’ म्हणावे, असे सुचविले. शब्द बदलण्याची गरज डॉक्टरांनाच जाणवली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

मराठीतील ‘गर्भपात’ या शब्दाची अडचण अधिक गुंतागुंतीची आहे. सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यापर्यंत स्राव आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात पात, असा भेद केलेला आहे. आज व्यवहारात ‘गर्भस्राव’ मागे पडला आणि ‘गर्भपात’ सर्वत्र पसरला. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४च्या कायद्यानंतर जी प्रबोधनमोहीम झाली, ती न्याय्यच होती. परंतु तिच्या भाषेने या शब्दाला गुन्ह्याची छटाही दिली. परिणामी ज्या स्त्रीचे मूल तिच्या इच्छेविरुद्ध गेले, तिलाही एका संशयित शब्दातून आपले दुःख सांगावे लागते. त्यानंतरच्या शस्त्रक्रियेसाठी हिंदीत ‘सफाई’ आणि मराठीत ‘पिशवी साफ करणे’ हे शब्द रूढ आहेत. कालपर्यंत जे ‘बाळ’ होते, ते या शब्दांत मळ ठरते. बोलणाऱ्याच्या मनात क्रौर्य नसते. ते शब्दात साचलेले असते.

परंपरेने या घटनेला काळ दिला होता. गर्भ जितक्या महिन्यांचा, तितक्या रात्रींनी शुद्धी, असे मनुस्मृती सांगते. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्याने सहा आठवड्यांची रजा दिली. एकीकडे विटाळाची गणना आहे, दुसरीकडे श्रमाची. शोकाची गणना कोणीच केलेली नाही.

आता वाङ्मयाकडे वळू. आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. काटेकोर अर्थाने हा नवजाताचा मृत्यू आहे, गर्भहानी नव्हे. परंतु प्रसूती, उपचारांचा अभाव आणि मातेचा शोक यांची मराठीतील आद्य आधुनिक कथा हीच आहे. कॅरोलाइन डॉल यांचे इंग्रजी चरित्र (१८८८), काशीबाई कानिटकरांचे मराठी चरित्र, श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी (१९६८) आणि त्याच नावाचा २०१९चा चित्रपट यांतून ही कथा मराठी मनात रुजली. तिच्या लोकमान्य रूपात बाळाचा मृत्यू हे डॉक्टर होण्याचे कारण आहे. १८८३च्या श्रीरामपूर (बंगाल) येथील भाषणात आनंदीबाईंनीही भर दिला तो हिंदू स्त्री-डॉक्टरांच्या सार्वजनिक गरजेवर. १८८६ साली पदवीसाठी त्यांनी प्रबंध लिहिला तोही प्रसूतिशास्त्रावर. शोकाचे कार्यात रूपांतर झाले, हे थोरच. पण या कार्यकारणभावाची किंमत अशी, की ते दहा दिवस स्वतःच्या बळावर कथेत उभे राहत नाहीत. जिच्या दुःखातून काहीच निष्पन्न झाले नाही, त्या स्त्रीने आपली कथा कोणत्या साच्यात सांगावी? आनंदीबाईंच्या कथेने आपल्याला प्रेरणा दिली. शोकाची भाषा दिली नाही.

तुलनेसाठी दोन पाश्चात्त्य संहिता घेता येतील. सिल्व्हिया प्लाथची ‘थ्री विमेन’ ही १९६२ साली बीबीसीवरून प्रसारित झालेली तीन स्वरांची रचना प्रसूतिकक्षात घडते. एकीला मूल होते, एकीचा गर्भ जातो, एक मूल देऊन टाकते. तिघी एकमेकींना ऐकत नाहीत. कक्ष तेवढा सामायिक आहे. बाळंतिणींच्या ओळीत झोपविलेल्या आणि रिकाम्या हातांनी घरी जाणाऱ्या स्त्रीची अवस्था येथे रचनातत्त्व बनली आहे. ओरियाना फलाची हिच्या ‘न जन्मलेल्या मुलास पत्र’ (१९७५) या संहितेत गर्भ गेल्यावर स्वप्नात खटला चालतो आणि न्याय करणाऱ्यांत डॉक्टरही असतात. ‘तू काय केलेस?’ हा जो प्रश्न आपल्याकडे नातेवाईक, शेजारी आणि कधी वैद्यकीय कर्मचारी विचारतात, त्याला फलाचीने न्यायालयाचे रूप दिले. या दोन्ही संहितांत हानी दुसऱ्या कशाचे साधन होत नाही.

मराठीत याच्या जवळ जाणारी संहिता ललित वाङ्मयाबाहेर सापडते. गडचिरोलीतील दोन गावांच्या ६५० स्त्रियांचा राणी आणि अभय बंग यांनी केलेला अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. त्याआधी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. या दोन आकड्यांमधले अंतर न ऐकण्याचे आहे. राणी बंग यांच्या ‘कानोसा’ या पुस्तकाचे शीर्षकच चिकित्सेची वेगळी मुद्रा सुचविते : येथे डॉक्टर आधी कान देते. या संहितेलाही मर्यादा आहे. बोलणाऱ्या स्त्रियांचे शब्द अखेर डॉक्टरच्या लेखणीतूनच येतात. तरीही शरीराविषयीची त्यांची स्वतःची परिभाषा येथे ज्ञान म्हणून स्वीकारली जाते, केसपेपरातल्याप्रमाणे भाषांतरात वितळत नाही.

त्यांच्या दुसऱ्या पुस्तकाचे नाव ‘गोईण’, म्हणजे मैत्रीण. सीमेच्या पूर्वेस, २००२ साली छत्तीसगढने गावोगावच्या आरोग्यसेविकेला जे नाव दिले, तेही ‘मितानिन’; विधिपूर्वक जोडलेल्या आजन्म मैत्रीच्या ‘मितान’ प्रथेतून आलेले. पुढे २००५ पासून देशभर ‘आशा’ आल्या, त्यामागे या प्रयोगाचाही आदर्श होता. सीमेच्या दोन बाजूंना, दोन भाषांत, एकच उपमा सुचावी, हा संयोग अर्थपूर्ण आहे. मैत्रीण नोंद ठेवू शकते. पण तिचे पहिले काम सोबतीला बसण्याचे असते. ‘मितानिन’ हे केवळ योजनेचे पदनाम होऊन राहिले, तर ही उपमाही ‘सफाई’सारखीच निर्जीव होईल.

मृतजन्म आता मोजले जाऊ लागले आहेत. जगात दरवर्षी सुमारे वीस लाख, असा संयुक्त राष्ट्रांचा २०२०चा अंदाज आहे. भारताच्या नवजात कृती आराखड्यातही २०१४ पासून त्यांना स्थान आहे. मोजणी आवश्यक होती. तिच्यापुढचे काम काही अंशी भाषेच्या अभ्यासकांचे आहे. गावोगावच्या बोलींत या हानीसाठी स्त्रिया कोणते शब्द वापरतात, कोणते टाळतात, यांचा संग्रह व्हावयास हवा. आणि तो प्रसूतिकक्षात काम करणाऱ्यांच्या हाती पोचावयास हवा. रायपूरच्या कक्षातील परिचारिकेला ‘सफाई’ऐवजी म्हणता येईल असा एखादा शब्द त्यातून लाभला, तरी तौलनिक अभ्यासाचे प्रयोजन सिद्ध होईल.