शेवट कोणी ठरवायचा?

दूरदर्शन मालिकांवरील आपल्याकडची समीक्षा अभिनय, नेपथ्य आणि प्रेक्षकसंख्या यांच्या पलीकडे सहसा जात नाही. मालिका कुठे संपली आणि तिथेच का संपवली, हा प्रश्न तिला फार तर अभिरुचीचा वाटतो. तो सत्तेचा प्रश्न आहे हे 1988 साली जालंधरच्या सफाई कामगारांनी दाखवून दिले.

रामानंद सागर यांची 'रामायण' ही मालिका 25 जानेवारी 1987 रोजी सुरू झाली. मूळची 52 भागांची योजना 78 वर गेली आणि 31 जुलै 1988 रोजी राज्याभिषेकापाशी ती संपली. राजा सिंहासनावर, प्रजा आनंदात. मध्यमवर्गाला याहून गोड शेवट कोणता हवा? पण वाल्मीकीला आपला आदिगुरू मानणाऱ्या सफाई कामगारांचा सवाल सरळ होता. सीतेला आश्रय देणारा, लव-कुशांना शिकवणारा कवी ज्या भागात स्वतः वावरतो, नेमका तोच भाग का गाळला? त्यांनी झाडू खाली ठेवले. संप उत्तर भारतातील इतर शहरांत पसरला, कचऱ्याचे ढीग साचले, आणि सरकारला नमते घ्यावे लागले. ऑक्टोबर 1988 पासून 'उत्तर रामायण' दिसू लागले.

हे वर्गात सांगितले की विद्यार्थी हसतात. "सर, पगारासाठी नाही, मालिकेसाठी संप?" मीही पूर्वी हसलो होतो. रोमिला थापर, पॉला रिचमन यांच्यासारख्या अभ्यासकांनी या संपाची गंभीरपणे दखल घेतली. मराठी समीक्षेत मात्र त्याची चर्चा माझ्या वाचनात आलेली नाही.

आणि त्याच वर्षी मुंबईत काय चालले होते? महाराष्ट्र शासनाने 1987 मध्ये प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या 'रिडल्स इन हिंदुइझम'मधील राम-कृष्णावरील परिशिष्ट काढून टाका, अशी मागणी शिवसेनेने केली होती. त्याविरुद्ध फेब्रुवारी 1988 मध्ये मुंबईत दलितांचा प्रचंड मोर्चा निघाला. वडाळ्याहून आमचे दादा, म्हणजे माझे वडील, गोदीतल्या सोबत्यांबरोबर त्यात चालले होते. अखेर ही मते शासनाची नाहीत अशी टीप जोडून परिशिष्ट ठेवण्यात आले. त्या परिशिष्टात बाबासाहेब कशाची चिकित्सा करतात? सीतेच्या त्यागाची आणि शंबूकाच्या वधाची. म्हणजे मालिकेने गाळलेल्या उत्तरकांडाचीच!

दोन्ही लढे एकाच मजकुराभोवतीचे होते, पण ते एक नव्हते. जालंधरच्या कामगारांना महाकाव्यात आपली जागा हवी होती. मुंबईच्या मोर्चाला त्या महाकाव्याला जाब विचारण्याचा हक्क हवा होता. पहिली मागणी मला अपुरी वाटते. वाल्मीकीच्या थोरवीने डोक्यावरची पाटी उतरत नाही. तरीही तिची टवाळी करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की ज्यांना कथेत शिरूच दिले जात नाही, त्यांनी दार ठोठावणे हेही बंडच असते.

पण या बंडाच्या पदरात पडले काय? सागर यांच्या 'उत्तर रामायणा'त सीता स्वतःच्या निर्णयाने वनात जाते. रामाच्या अंगाला दोष चिकटत नाही. शंबूक तर पडद्यावर येतच नाही. शेवट वाढवून दिला, पण त्यातला काटा काढून. मागणी मान्य करून ती बोथट करण्याची ही रीत आपल्याला नवी नाही.

2020 च्या टाळेबंदीत दूरदर्शनने दोन्ही मालिका पुन्हा दाखवल्या. मोर्चानंतर दादांनी 'रिडल्स'चे मराठी भाषांतर मिळवून वाचले होते. एप्रिलमध्ये 'उत्तर रामायण' सुरू झाले तेव्हा ते रोज संचासमोर बसू लागले. आई वैतागली, "आता रामभक्त झालात की काय?" ते म्हणाले, "शंबूक कधी येतो ते बघतोय." मे महिन्यात मालिका संपली. दादांनी संच बंद केला आणि विचारले, "एवढाच होता का रे शेवट?"