चित्रातील काळी जागा

हंस तारकासमूहातील सिग्नस-ए या रेडिओ दीर्घिकेचे १९८४ साली प्रसिद्ध झालेले चित्र अनेक शिक्षकांनी पुस्तकांत पाहिले असेल. मध्ये एक ठिपका, त्यातून निघालेला बारीक झोत आणि दोन्ही टोकांना धाग्याधाग्यांचे दोन फुगवटे. अमेरिकेतील व्हेरी लार्ज अ‍ॅरे या दुर्बिणीने टिपलेले हे चित्र अप्रतिम आहे, यात वाद नाही. आमची तक्रार आहे ती त्यातील काळ्या जागेबद्दल.

ती पाहून विद्यार्थ्याला वाटते, की ही दीर्घिका पोकळीत एकटीच आहे. वस्तुतः ती एका दीर्घिकासमूहाच्या मध्याशी आहे आणि तो काळा भाग कोट्यवधी अंश तापमानाच्या वायूने भरलेला आहे. हा वायू क्ष-किरणांत चमकतो. रेडिओ चित्रात तो उमटत नाही, इतकेच. झोत त्यावर आदळतात म्हणून टोकांना तेजस्वी ठिपके दिसतात व मागे फुगवटे पसरतात. ज्याने आकार दिला, तोच चित्रातून गायब! (आम्हीही वर्गात हे चित्र वर्षानुवर्षे असेच दाखवत आलो, हे कबूल केले पाहिजे.)

याच्या शेजारी ययाती समूहातील एनजीसी १२६५ चे चित्र छापावे. ही दीर्घिका वायूतून सेकंदाला सुमारे २,००० किलोमीटर वेगाने धावते, आणि तिचे दोन्ही झोत मागे वळून शेपटी झाली आहे. वायू इतका विरळ, की लिटरभर जागेत मोजकेच कण. तरी या वेगापुढे तो वाराच ठरतो. पेटती उदबत्ती हातात धरून एखाद्या मुलाला मैदानावर चालायला लावा, शेपटी कळेल. अशा शेपट्यांची जुनी, मंदावलेली टोके कमी वारंवारतेला अधिक दिसतात. नारायणगावजवळील खोडदच्या जीएमआरटीचे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांचे, महत्त्व इथे आहे.

मात्र ‘दाटीत आखूड, विरळीत लांब’ असा नियम फळ्यावर लिहू नये. वीस-पंचवीस लाख प्रकाशवर्षांहून लांब अशा काही महाकाय रेडिओ दीर्घिका समूहांच्या मध्याशीही सापडल्या आहेत.

आपल्या शेजारची सेंटॉरस-ए, अंतर सुमारे सव्वा कोटी प्रकाशवर्षे, एका लहान गटात आहे. मेअखेरीस रात्री दहाच्या सुमारास पनवेलहून दक्षिणेस, कर्नाळ्याच्या सुळक्याच्या दिशेने, क्षितिजापासून तीन मुठींहून किंचित खाली ती येते. डोळ्यांना काही दिसणार नाही. पण हात लांब करून मूठ धरावी: तिचे रेडिओ फुगवटे जवळजवळ तेवढे आकाश व्यापतात.