तारण कुणाचं, इशारा कुणाला?

न्यायाचा दिवस जवळ आला, पश्चात्ताप करा, तारण मिळवा. हा मजकूर आपल्या वस्त्यांना नवा नाही. तो पत्रकावर छापून येतो, एसटी स्टँडवर वाटला जातो, कर्ण्यावरून ऐकू येतो. काहीजण वाचून घाबरतात. बरेचजण हसतात आणि कागद चुरगाळून टाकतात. नीट वाचत कुणीच नाही. आमचं म्हणणं असं की हाही एक वाङ्मयप्रकार आहे, त्याला जुनी परंपरा आहे; तेव्हा कुठल्याही वाङ्मयाला विचारायचा पहिला प्रश्न त्यालाही विचारला पाहिजे. हे कोण बोलतोय आणि कुणाला बोलतोय?

मुळाकडे जाऊ. जुन्या करारातला आमोस. इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला, यहूदातल्या तकोवा गावचा मेंढरं राखणारा, उंबराच्या झाडांची निगा करून पोट भरणारा माणूस. हा उठला आणि शेजारच्या इस्राएल राज्यात, बेथेलच्या राजमान्य देवळात जाऊन बोलला. गादीवर दुसरा यराबाम होता. व्यापार तेजीत होता, श्रीमंत हस्तिदंती पलंगांवर लोळत होते. आमोस त्यांना म्हणाला, तुम्ही गरिबाला वहाणांच्या एका जोडासाठी विकता. माप लहान करता, वजन जड करता, गव्हाबरोबर भुसकटसुद्धा विकता. गरिबाचे गहाण घेतलेले कपडे अंथरून देवापुढे आडवे होता. देवाला तुमचे सण नकोत, गाणी नकोत. ज्या परमेश्वराच्या दिवसाची तुम्ही वाट बघताय तो तुमच्यासाठी उजेडाचा नसून अंधाराचा असणार आहे.

हे समजायला आपल्याला भाष्यकार लागत नाही. वहाण शिवणारा गावकुसाबाहेर आणि वाड्यासमोरून जाताना वहाण हातात, हे आपण बघितलंय. बलुत्याच्या सुपात कसलं धान्य पडायचं, ते घरच्या म्हाताऱ्यांना विचारा.

मग जे व्हायचं तेच झालं. देवळाचा याजक अमस्या यानं राजाला कळवलं की हा माणूस कट करतोय. आमोसला त्यानं सांगितलं, तुझ्या मुलखात जा, तिथं भाकर खा, हे राजाचं देवस्थान आहे. आमोस उत्तरला, मी संदेष्टा नाही, संदेष्ट्याचा पोरगाही नाही. बोलणाऱ्याकडे घराण्याचा दाखला मागणारी समीक्षा किती जुनी आहे बघा! दलित लेखकाला पहिल्या पुस्तकापासून तेच ऐकावं लागलं. बेथेलनं ऐकलं नाही. इसवी सनपूर्व ७२२ च्या सुमारास अश्शूरच्या फौजांनी ते राज्य बुडवलं.

याच्या उलट गोष्ट योनाची. त्याला धाडलं त्याच अश्शूरच्या निनवे शहरात. चाळीस दिवसांत शहर उलथेल, एवढाच निरोप. ही गोष्ट इतिहास म्हणून वाचू नये. पण इशारा मानणं म्हणजे काय, हे तिच्याइतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच सापडेल. निनवेचा राजा सिंहासनावरून उतरला, झगा काढला, राखेत बसला आणि हुकूम काढला की प्रत्येकानं आपल्या हातून होणारा जुलूम सोडावा. शहर वाचलं. योनाला मात्र राग आला, कारण त्याला शहर बुडालेलं बघायचं होतं. पत्रकं वाटणाऱ्या कित्येकांच्या आवाजात हाच योना बोलतो. दुसऱ्याच्या नाशाची त्याला गोडी लागलेली असते.

आता शब्दाकडे येऊ. मराठी ख्रिस्ती वाङ्मयात मुक्तीसाठी 'तारण' हा शब्द रुळला. पण मजुराला हा शब्द आधी भेटला सावकाराच्या ओट्यावर. बाईचं डोरलं तारण, पितळेचा हंडा तारण, बापजाद्याचा तुकडा तारण. लूकच्या शुभवर्तमानातल्या जक्कयच्या गोष्टीत हे दोन्ही अर्थ समोरासमोर येतात. हा यरीहोचा बडा जकातदार. येशूला बघायला उंबरावर चढला. येशू आपणहून त्याच्या घरी गेला, आधी काही मागितलं नाही, हे खरं. पण आज या घराला तारण मिळालं, हे तो बोलला कधी? निम्मी मालमत्ता गरिबांना देतो, ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करतो, असं जक्कय म्हणाल्यावर. दुसऱ्याचं तारण सोडल्याशिवाय आपलं तारण नाही, असा याचा सरळ मराठी अर्थ आम्ही लावतो.

मत्तयच्या शुभवर्तमानातला शेवटचा न्यायनिवाडाही तपासा. तिथले प्रश्न साधे आहेत. भुकेल्याला जेवू घातलं का, तहानेल्याला पाणी दिलं का, उघड्याला कपडा दिला का, तुरुंगातल्याला भेटलास का. पाण्याचा प्रश्न आम्हीही २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यावर विचारला होता.

मग आपल्याकडे हा इशारा कुणाच्या दारात आला? अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून अहमदनगरला होतं. तिथं ख्रिस्ती झालेल्यांत महार-मांग मोठ्या संख्येनं. मिशननं शाळा दिल्या, दवाखाने दिले, हे नाकारणं कृतघ्नपणा होईल. पण पाप, पश्चात्ताप आणि न्यायाचं प्रवचन पाटलाला लावलं तेच येसकराला लावलं. तुडवणाराही पापी, तुडवला गेलेलाही पापी, आणि हिशेब दोघांचा सारखाच! बाबासाहेबांनी नेमकं इथंच बोट ठेवलं. त्यांच्या लेखनाच्या १९८९ साली निघालेल्या पाचव्या खंडात ते आहे. तुझी पडझड भोवतालच्या अन्यायी समाजामुळे झाली असं न सांगता तुझ्या पापामुळे झाली असं सांगितलं, की माणसाची लढायची उमेदच जाते, असा त्यांचा आक्षेप. यावर समाधानकारक उत्तर आमच्या वाचनात नाही.

गंमत अशी की खरा आमोस मिशनच्याच 'ज्ञानोदय'मध्ये सापडतो. १८५५ साली जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुक्तानं, मांगाच्या पोरीनं, मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. इमारतींच्या पायात माणसं पुरल्याचं तिनं मांडलं आणि आमचा धर्म कोणता, हे देवालाच विचारलं. तिनं आपल्या माणसांना पापी ठरवलं नाही. बोट बरोबर जागी रोखलं.

इशाऱ्याचा पत्ता असा दुरुस्त करता येतो. अमेरिकेतल्या काळ्यांच्या चर्चमधून आलेल्या मार्टिन ल्यूथर किंगनं २८ ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनच्या सभेत आमोसचाच आधार घेतला आणि तो सत्तेकडे तोंड करून घेतला. आपल्याकडच्या दलित ख्रिस्ती लेखकांनी हे काम हाती घ्यावं. त्यात त्यांच्या स्वतःच्या चर्चमधली जातही सुटू नये, कारण बेथेलही देऊळच होतं. आणि हे वाङ्मय परक्याचं म्हणून बाजूला टाकणाऱ्या आपल्या समीक्षकांनी निदान आमोस वाचावा. मोक्षदाता नको असला तरी साक्षीदार नाकारायचं कारण नाही.

तेव्हा न्यायाच्या दिवसाचं पत्रक घेऊन कुणी वस्तीत आला तर त्याची टिंगल करू नका. त्याला बसवा, पाणी द्या आणि विचारा : बाबा, हे वाड्यावर देऊन आलास का?