जवस, करडई आणि कॅनव्हास

दिंद्रुडच्या शिवारात जवसाचं निळं फूल शेवटचं कधी पाहिलं, हे आठवायला मला बराच वेळ लागला. माजलगाव तालुक्यातल्या या गावाची जमीन काळी आणि ओल धरणारी. रब्बीला ज्वारी, ज्वारीत ढोरं शिरू नयेत म्हणून कडेनं करडईच्या काटेरी ओळी, आणि एखाद्या कोपऱ्यात घरापुरतं जवस. जवसाची चटणी भाकरीसोबत, करडईचं तेल फोडणीला. आता कापूस, सोयाबीन आणि पाणी असेल तिथं ऊस. करडई काढायला माणूस मिळत नाही, कारण काटे हाताला लागतात. जवस चटणीपुरतं दुकानातून येतं.

चित्रकलेवरच्या लेखात ही पीकपाहणी कशाला, असं वाटेल. पण युरोपातल्या चित्रकारांनी पाचशे-सहाशे वर्षं ज्या तेलात रंग खलला, ते मुख्यतः जवसाचंच. पांढरा आणि फिका निळा पिवळसर पडू नये म्हणून आज रंगाच्या ट्यूबांमध्ये जे तेल घालतात, ते पुष्कळदा करडईचं. म्हणजे तैलरंगाची दोन्ही तेलं आमच्या बांधावर होती. चित्र मात्र नव्हतं.

गावात ‘ऑइल पेंट’ म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातला डबा. लोखंडी कपाटाला, फाटकाला, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लावायचा तो इनॅमल. माझ्या लहानपणी ट्रॉलीच्या पाठीवर मोर, कमळ आणि मालकाच्या पोरांची नावं काढणारा एक पेंटर होता. डब्यातला रंग घट्ट झाला की तो त्यात टर्पेंटाइन ओतायचा, आणि चकाकी हवी असेल तर बेलतेल. बेलतेल म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, हे मला फार पुढं कळलं. ‘खालचा हात पातळ, वरचा हात जाड. उलटं केलं तर पापुद्रा सुटतो,’ हे त्यानं मला सांगितलं तेव्हा मी सहावीत असेन. पुढं कलाशाळेतल्या एका पुस्तकात हाच नियम वाचला. खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त. पुस्तकात त्याचं कारणही होतं. पेंटरला ते ठाऊक नसेल, पण पापुद्रा त्यानं पाहिलेला होता.

कारण असं. पाण्याचा रंग पाणी उडून वाळतो, तेलाचा तसा वाळत नाही. तेल उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू शोषतं आणि हळूहळू एका चिवट पापुद्र्यात बदलतं. टर्पेंटाइन तासाभरात उडतं, तेल मात्र आठवडे घेतं, आणि जाड थर आतून वर्षभरही ओला राहतो. खाली तेलकट आणि वर कोरडा थर दिला, तर खालचा हलत राहतो आणि वरच्याला तडे जातात. पण या संथपणामुळेच तैलरंगाला त्याची ताकद मिळाली. आज काढलेला गाल उद्याही ओला असतो, तो बोटानं विरघळवता येतो, आवडला नाही तर सुरीनं खरवडता येतो. वाळल्यावर त्यावर पारदर्शक रंगाचा पातळ हात दिला की खालचा उजेड वरच्या रंगातून गाळून येतो. जाड रंग तसाच ठेवला तर उजेड त्याच्या कडांवर अडतो. जलरंगात चूक झाकता येत नाही. तैलरंगात चूक खाली राहते आणि वरच्या थराला बळ देते.

मराठी मुलखात हे तंत्र आलं ते दरबारातून. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्याला आला आणि त्यानं 1792च्या सुमारास सवाई माधवरावांचं नाना फडणविसांसह मोठं तैलचित्र केलं. शनिवारवाड्यात त्यानं चित्रशाळा सुरू केली आणि तिथं गंगाराम तांबट शिकला. 1795मध्ये वेल्स वारला. चित्र लंडनला गेलं, शाळेचं फारसं काही उरलं नाही. पेशव्यांच्या पदरी तैलरंग आला तो चेहरा हुबेहूब हवा म्हणून, आणि त्यापुढची दीडशे वर्षं त्याला आपल्याकडे हेच काम लागलं. माझी मुख्य तक्रार तीच आहे.

मराठवाड्याच्या वाट्याला आलेलं तैलरंगाचं पहिलं मोठं काम तर नकलेचंच होतं. निजामाच्या हद्दीतल्या अजिंठ्याच्या लेण्यांत 1840च्या दशकात मद्रास फौजेतला रॉबर्ट गिल कॅनव्हास घेऊन बसला. त्यानं वर्षानुवर्षं खपून केलेल्या भित्तिचित्रांच्या तैलनकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या, आणि 1866च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. मग जे.जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थी घेऊन आले. 1872 ते 1885 या काळात त्या तुकडीनं पुन्हा नकला केल्या. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. त्यांतल्याही बऱ्याच नकला 1885मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये जळाल्या.

अजिंठ्याच्या मूळ चित्रांत तेलाचा थेंबही नाही. मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर सरसात कालवलेले खनिज रंग, म्हणून त्यांचा पृष्ठभाग कोरडा आणि मऊ. तैलरंगानं नक्कल करायची म्हणजे त्या कोरडेपणाला चकाकी चढवायची. बरं, नकलेपुरतं चाललं असतं. पण रंग नीट दिसावेत म्हणून ग्रिफिथ्सच्या लोकांनी मूळ भिंतींनाच व्हर्निश दिलं, आणि 1920 ते 1922मध्ये निजाम सरकारनं बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी त्यावर लाखेचं व्हर्निश चढवलं. ते पिवळं पडलं, काळवंडलं, आणि ते काढण्यात पुढच्या पिढ्यांचे हात गुंतले. चकचकीत तेच खरं चित्र, हा समज इथं भिंतीवर अक्षरशः चिकटून बसला. आमच्या घरी देवाच्या तसबिरीला दर दिवाळीला पॉलिश मारायचे, त्याची मला इथं आठवण होते.

त्या तसबिरीचं मूळही तैलरंगातच. राजा रविवर्म्यांनी 1894मध्ये मुंबईत घाटकोपरला छापखाना काढला, तो पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. तिथून निघालेली लक्ष्मी आणि सरस्वती ही ‘ओलिओग्राफ’ होती. नावातच तेल. दगडावरून रंगामागून रंग छापून, वर चकाकी देऊन तैलचित्राचा भास आणायचा. खेड्यातल्या माणसानं तैलचित्र पाहिलं ते या भासातून. त्याला मूळ चित्राच्या पृष्ठभागाची खबर असण्याचं कारणच नव्हतं, त्याच्यासाठी चित्र म्हणजे चेहरा, दागिने, साडीचा काठ. रविवर्म्यांना दोष देण्यात मला रस नाही. पण लाखो घरांत एकाच वेळी पोचलेल्या या कलेनं चित्र पाहण्याची सवय लावली आणि रंग पाहण्याची सवय लावायचं राहून गेलं, एवढं मला दिसतं.

जे.जे. 1857मध्ये सुरू झालं, बॉम्बे आर्ट सोसायटी 1888मध्ये. तिथून पुढची नावं मराठी वाचकाला पाठ आहेत: धुरंधर, आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर, आचरेकर. बाबूराव आणि नात्यानं त्यांचे भाऊ लागणारे आनंदराव कोल्हापुरात नाटकांचे पडदे रंगवत मोठे झाले. पडद्याचा रंग लांबून पाहायचा असतो आणि गॅसबत्तीच्या उजेडात तो उठायला हवा, म्हणून बाबूरावांच्या तैलचित्रांत उजेड कुठून येतो हे नेहमी ठरलेलं असतं. औंधच्या पंतप्रतिनिधींनी 1938मध्ये उघडलेल्या भवानी संग्रहालयात जाऊन या काळातली चित्रं एकदा तरी पाहावीत. छापील चित्रात न दिसणारी गोष्ट तिथं दिसते. यांतल्या पुष्कळ चित्रांत सगळा जीव चेहऱ्यात आणि वस्त्रात ओतलेला असतो, पार्श्वभूमी नुसती भरलेली.

याला दोन अपवाद मला फार मोठे वाटतात. एक गोव्यातल्या सांग्याचे आंतोनियो झेवियर त्रिंदाद (1870–1935). ‘पूर्वेचा रेम्ब्राँ’ हे त्यांचं टोपणनाव थोडं गमतीचं आहे, कारण त्यामुळे लोक त्यांच्यात अंधार शोधतात. खरं पाहायचं ते अंधाराच्या कडेला रंग कसा पातळ होत जातो ते. त्यांच्या घरगुती चित्रांत माणूस दिव्याच्या उजेडात बसलेला असतो आणि उजेड रंगाच्या जाडीतून येतो, रेषेतून नाही. दुसरे गोपाळ देऊस्कर (1911–1994). जन्म अहमदनगरचा, काका रामकृष्ण देऊस्कर हैदराबादेत चित्रकार, आणि लंडनचं शिक्षण निजामाच्या शिष्यवृत्तीवर. आमचा बीड जिल्हाही तेव्हा त्याच संस्थानात होता. आमच्या भागानं भरलेल्या शेतसाऱ्यातला एखादा पैसा देऊस्करांच्या ब्रशला लागला असेल, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतो. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरातली त्यांची बालगंधर्वांची दोन चित्रं, एक पुरुषवेषातलं आणि एक स्त्रीवेषातलं, नाटकाला येणारे लोक मध्यंतरात पाहतात. साम्यासाठी पाहतात आणि साम्य मिळतं. पण जवळ गेलं तर पैठणीचा काठ म्हणजे मोजक्या, निश्चिंत फटकाऱ्यांची रांग आहे, हे कळतं. चार पावलं मागं आल्यावर त्या फटकाऱ्यांची पुन्हा जर होते. तैलरंगाचं खरं नाटक या चार पावलांत असतं.

‘हुबेहूब’ची बेडी तोडली ती 1947च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या मंडळींनी, असं आपण शिकतो. ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण त्यांतले हुसेन पंढरपुरात जन्मले, मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवून जगले, आणि होर्डिंगचा रंग हा झटपट रंग. त्यांच्या तैलरंगात ती घाई शेवटपर्यंत राहिली, आणि ती त्यांना शोभली. 1954चं त्यांचं ‘ग्रामयात्रा’ हे जवळजवळ चौदा फुटी तैलचित्र मार्च 2025मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात एक कोटी सदतीस लाख डॉलरांवर गेलं. जातं, बैलगाडी, शेतकरी अशा तेरा दृश्यांत मांडलेलं खेडं. त्याआधी ते कित्येक दशकं नॉर्वेत ऑस्लोच्या एका इस्पितळात होतं. खेडं चित्रात जातं, चित्र खेड्यात येत नाही. याचा मला राग नाही, पण किंमत वाचताना तो आकडा मी सोयाबीनच्या क्विंटलांत मोजून पाहिला, हे कबूल करतो.

तेलाला तेल म्हणून विचारलं ते नागपुरात जन्मलेल्या वासुदेव गायतोंड्यांनी. ब्रश बाजूला ठेवून रोलर आणि पॅलेट नाइफ, पातळ थरावर थर, कागदानं उचललेला रंग, आणि मग थांबणं. वर्षाला बोटांवर मोजावीत इतकीच चित्रं. त्यांच्या पिवळ्या किंवा राखी कॅनव्हासपुढे उभं राहिलं की आत खोल काहीतरी हलतंय असं वाटतं, आणि ते तिथंच असतं, खालच्या थरात. वाळण्याला लागणारा वेळ गायतोंड्यांनी अडचण न मानता विषय केला. त्यांना ‘अमूर्त’ म्हणून बाजूला ठेवणाऱ्या रसिकांना मी एवढंच म्हणेन की आपल्याकडे तैलरंगाचं इतकं मूर्त चित्र दुसरं क्वचितच सापडेल.

आणि दुसऱ्या टोकाला प्रभाकर बरवे (1936–1995). ‘कोरा कॅनव्हास’ लिहिणाऱ्या या चित्रकारानं पुष्कळ चित्रं चक्क इनॅमलमध्ये केली. म्हणजे आमच्या ट्रॉलीवाल्या पेंटरच्या डब्यात. इनॅमल सपाट पसरतो, ब्रशची खूण पुसून टाकतो. चेहऱ्यावर उजेड खेळवायला तो निरुपयोगी. पण घड्याळ, पान, कुलूप अशा सुट्या वस्तू रिकाम्या जागेत ठेवायच्या, तर तो थंड गुळगुळीतपणाच हवा. बरव्यांनी रंगाच्या स्वभावाप्रमाणे चित्र केलं. दिंद्रुडच्या बाजारातल्या रंगातून इतकं दूर जाता येतं, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला त्या पेंटरला ते दाखवायचं होतं. तोवर फ्लेक्स आला होता आणि पेंटर ऊसतोडीला जाऊ लागला होता.

आजची स्थिती मला दुभंगलेली दिसते. एका बाजूला व्यक्तिचित्राची परंपरा जिवंत आहे. वासुदेव कामत यांना अमेरिकेतल्या पोर्ट्रेट सोसायटीचा 2006चा सर्वोच्च पुरस्कार पत्नीच्या चित्रासाठी मिळाला, आणि त्यांचं काम पाहून तरुण मुलं पुन्हा ब्रशकडे वळली. प्रात्यक्षिकांना गर्दी होते. पण दोन तासांत चेहरा पुरा करण्याच्या या कसरतीत तैलरंगाचा जलरंग होतो. एकाच ओल्या थरात सगळं संपवायचं, टाळ्या घ्यायच्या. खालचा थर नाही, थांबणं नाही. दुसऱ्या बाजूला अ‍ॅक्रिलिक आहे, अर्ध्या तासात कोरडं, गॅलरीत पाठवायला सोयीचं. छोट्या घरात टर्पेंटाइनचा वास नको, चित्र वाळायला भिंत नाही, हप्ता भरायचा आहे. कारणं खरी आहेत. पण रंग बदलला की विचाराची गतीही बदलते, आणि त्याबद्दल आपली समीक्षा बोलत नाही. प्रदर्शनाच्या वृत्तांतात विषय असतो, आशय असतो, पृष्ठभाग नसतो.

शाळेत तर तैलरंगाचा संबंध येतच नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा जलरंगावर निघतात, मुलांना ‘ऑइल’ ठाऊक ते ऑइल पेस्टलच्या खडूतून. आमच्याकडचं पोर संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयापर्यंत पोचलं, तर तिथं पहिल्यांदा ट्यूब उघडतं. एक ट्यूब संपली की काय करायचं, हा त्याचा पहिला प्रश्न असतो. मीही तेव्हा मांजरपाट ताणून, सरस आणि खडू लावून कॅनव्हास केले आणि पांढरा रंग चमच्यानं मोजून वापरला.

मागच्या उन्हाळ्यात मी गावी एक चित्र सुरू केलं. आईच्या हातातलं जवसाचं सूप, बाकी काही नाही. तेलही गावाकडचंच घ्यावं म्हणून घाण्यावरून आणलं, ते गाळून, उन्हात बाटलीत ठेवून निवळू दिलं. मे महिन्यात खालचा थर लवकर वाळेल असं वाटलं होतं. वाळला नाही. घाण्याच्या तेलात चोथा असतो आणि त्यामुळे वाळणं रेंगाळतं. तिसऱ्या दिवशी वावटळ आली, आणि ओल्या राखी रंगावर काळ्या रानाची बारीक धूळ बसली. काढायला गेलो तर रंगही निघत होता.

शेजारची आक्का रोज दुपारी डोकावून विचारायची, ‘वाळलं का रं?’

मी धूळ तशीच ठेवली आणि सुपाच्या कडेचा पुढचा हात तिच्यावरूनच दिला.