‘सौ.’ आणि ‘ताई’

कराडच्या ‘सौ. वेणूताई चव्हाण स्मारक’ या नावात मान देण्याच्या दोन तऱ्हा शेजारी शेजारी बसल्या आहेत. ‘सौ.’ म्हणजे सौभाग्यवती. नवरा हयात आहे तोवरच चालणारं हे बिरुद. लग्नपत्रिकेत नवरी ‘चि. सौ. कां.’, लग्नानंतर ‘सौ.’ आणि कपाळ पुसलं गेलं की ‘श्रीमती’ किंवा ‘गं. भा.’. खरं तर ‘श्रीमती’ हे ‘श्रीमान’चं साधं स्त्रीरूप, वैधव्याचा अर्थ आपण त्याला चिकटवला. पुरुषाचं ‘श्री.’ मात्र बोहल्यावर चढल्यानंतरही तेच आणि विधुर झाल्यावरही तेच.

वेणूताई म्हणजे फलटणच्या मोऱ्यांची लेक, जून 1942 मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या घरी आली. दोनच महिन्यांत ‘चले जाव’ चळवळ पेटली, यशवंतराव भूमिगत झाले आणि पुढे पोलिसांनी वेणूताईंना धरून नेलं. लग्नानंतरची पहिली संक्रांत ती! नव्या सुनेनं हळदकुंकू लावून वाण लुटायचं, तर ही सून कोठडीत. या नावातलं ‘सौ.’ वाचताना मला ती संक्रांत आठवते. सौभाग्याची एवढी किंमत मोजलेली बाई आहे ही.

1 जून 1983 रोजी वेणूताई गेल्या, यशवंतराव त्यानंतर वर्ष-दीड वर्षानं. जुन्या बायका याला अहेव मरण म्हणतात. म्हणून त्यांचं ‘सौ.’ कायमचं राहिलं, आणि स्मारकाच्या नावात त्याच्याआधी ‘कै.’ नाही, हे मला फार भावतं.

‘ताई’ला मात्र कुणाच्या हयातीची अट नाही. शेजारच्या कन्नडमध्ये ‘तायी’ म्हणजे आई. आपल्याकडे ताई म्हणजे थोरली बहीण. मिरजेकडे तिचीच अक्का होते, तीही कन्नडच. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या लेकीला सांगली जिल्ह्यात कुणी हौसाबाई म्हणे, कुणी हौसाताई. प्रतिसरकारच्या लढ्यात उतरलेल्या त्या बाईला मान द्यायला आणखी कशाची गरजच नव्हती. सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाईंचंही तेच. ‘ताई’सारखीच ‘बाई’लाही अट नाही. आजही शाळेत मुलं शिक्षिकेला ‘बाई’ म्हणतात, तेव्हा बाईंच्या गळ्यात मंगळसूत्र आहे की नाही हे कुणी बघत नाही.

वेणूताईंच्या नावातलं ‘सौ.’ त्यांनी कमावलेलं आहे, ते तसंच राहावं. पण नवी पत्रिका छापायला टाकताना जिचं नाव घालायचं, तिला आधी एकदा विचारा.