हाताने केलं म्हणजे विज्ञान झालं का?

आज विषय दिलाय 'कृतीतून विज्ञानाची गोडी'. हा सगळ्यांना पटणारा विषय आहे आणि माझी अडचण तीच आहे. जे सगळ्यांना पटतं, ते कुणी तपासून बघत नाही. आपण आज तपासू. त्यासाठी या क्षेत्रातलं उत्तम काम घेऊ, अरविंद गुप्तांचं. कारण वाईट कामावर टीका करणं फार सोपं असतं.

गुप्ता आयआयटी कानपूरचे अभियंते. १९७८ मध्ये नोकरीतून वर्षभर रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथल्या आठवडी बाजारात त्यांना सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब दिसली. तिचे छोटे तुकडे करायचे, त्यात आगकाड्या खोचायच्या, की सांगाडा तयार. पुढे पुण्यात 'आयुका'च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी केली.

आता बघा, या काड्यांचा चौकोन बोटाने दाबला तर कलंडतो. त्रिकोण कलंडत नाही. टिनाच्या शेडची कैची, विजेचे टॉवर, सगळीकडे त्रिकोण का, हे पोराला पाच मिनिटांत कळतं. प्रयोगशाळा नाही म्हणून विज्ञान नाही, ही आपली जुनी सबब गुप्तांनी मोडीत काढली. हे मोठं काम आहे.

माझा आक्षेप आहे तो आपण त्याचं काय करतो यावर. हे कापा, ते जोडा, फुंका. खेळणं चाललं, टाळ्या. अशी तर साबुदाण्याची खिचडीही होते. दाबण्याआधी मुलाला विचारलं का, की बाबा, काय होईल असं तुला वाटतं? विचारलं नसेल तर हात राबले आणि डोकं बसून राहिलं. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनातला थर्माकोलचा ज्वालामुखी बघा. तो कधीच फसत नाही, आणि बरेचदा तो बाबांनी केलेला असतो.

जॉन ड्यूई या तत्त्वज्ञाने १९१६ च्या 'डेमोक्रसी अँड एज्युकेशन'मध्ये हा फरक मांडलाय. अनुभवाला दोन बाजू असतात: आपण काही करून बघतो, आणि त्याचं जे होईल ते आपल्याला सोसावं लागतं. या दोन्हींचा संबंध लागला तरच शिकणं. शेजारच्या वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये नई तालीमची परिषद झाली, तिथली टकळी आठवा. पीळ कमी पडला की सूत तुटतं. टकळी लाड करत नाही. का तुटलं, हे पोराला शोधावंच लागतं.

होशंगाबादच्या मंडळींना हे कळलं होतं. १९७२ मध्ये सोळा शाळांत त्यांनी सुरुवात केली. मुलं प्रयोग करत, निष्कर्षांवर वाद घालत, आणि परीक्षेला पुस्तक उघडं ठेवून बसत. परीक्षा बदलल्याशिवाय शिकवणं बदलत नाही, हे त्यांनी ओळखलं. सरकारने २००२ मध्ये तो कार्यक्रम बंद केला.

आणि आपल्या जिल्ह्यात याची निकड आहे. २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने इथले शेतकरी, शेतमजूर दगावले. त्याची कारणं नुसत्या अज्ञानात नाहीत. रोजंदारीवरचा माणूस औषधही निवडत नाही आणि वेळही. पण डोक्याएवढ्या पराटीत फवारताना थेंब अंगावर नेमके कुठे पडतात, हा प्रश्न शाळा घेऊ शकते. बुजगावण्याला पांढरे कागद बांधा. कोऱ्या बाटलीत निळीचं पाणी घ्या. औषधाचा पंप मुलांच्या हाती मुळीच द्यायचा नाही. आधी प्रत्येकाने अंदाज लिहायचा: डाग छातीवर जास्त पडतील की गुडघ्यावर? मग वाऱ्याच्या दिशेने फवारा, वाऱ्याविरुद्ध फवारा, डाग मोजा. उत्तर गुरुजींनाही ठाऊक नसेल. नसू द्या. आणि ते कागद घरी जाऊ द्या, आईबापांनी बघितले पाहिजेत.

प्रदर्शनात परीक्षक म्हणून बसणाऱ्यांना माझी एकच विनंती. प्रत्येक प्रकल्पासोबत एक कागद मागा: मला काय वाटलं होतं, काय झालं, आणि फरक का पडला. फसलेल्या प्रकल्पाला, हा कागद नीट लिहिलेला असेल तर, बक्षीस द्या. पुढच्या वर्षी थर्माकोल आपोआप कमी होईल.

थांबतो. आता तुम्ही विचारा.