शाळेच्या वाटेवरची मुले : दोन आफ्रिकी कादंबऱ्या
परसत्तेच्या जोखडातून बाहेर पडणाऱ्या देशांचे कादंबरीकार मुलांविषयी लिहू लागले की ते त्यांना हटकून शाळेत नेऊन बसवितात. 'श्यामची आई' (१९३५) या पुस्तकावर वाढलेल्या मराठी वाचकाला ही गोष्ट प्रथम काहीशी परकी वाटते. श्याम घडतो तो मुख्यतः घरात, आईच्या शब्दाने आणि आईच्या धाकाने. शाळा त्याच्या आयुष्याच्या कडेला उभी असते. आफ्रिकी कादंबरीतील मूल घर सोडते ते घराला वर काढण्यासाठी, आणि परत येते तेव्हा घर त्याला ओळखेनासे झालेले असते. न्गुगी वा थिओंगो यांची 'वीप नॉट, चाइल्ड' (१९६४) आणि त्सित्सी डांगारेंब्गा यांची 'नर्व्हस कंडिशन्स' (१९८८) या दोन कादंबऱ्या शेजारी ठेवून वाचल्या, तर हा व्यवहार नेमका कोणत्या किमतीला होतो हे चांगले उमगते.

न्गुगींची कथा केनियातील आहे. न्गोथो हा ज्या गोऱ्या मळेवाल्याकडे राबतो, त्याचा मळा मूळचा न्गोथोच्याच पूर्वजांचा. घरातील एकाच मुलाला शाळेत पाठविणे परवडते, म्हणून धाकटा न्जोरोगे शाळेत जातो आणि भाऊ कामाऊ सुताराच्या हाताखाली लागतो. पुढे ऑक्टोबर १९५२ मध्ये आणीबाणी पुकारली जाते, थोरला भाऊ बोरो रानात जाऊन बंडखोरांना मिळतो. आणि न्जोरोगे मात्र शिक्षणानेच सारे ठीक होईल या श्रद्धेला चिकटून राहतो. त्याला सिरियानाच्या मोठ्या शाळेत प्रवेश मिळतो तेव्हा गावकरी वर्गणी काढतात. हा प्रसंग थोडक्यात आला आहे, पण विलक्षण आहे. ज्या क्षणी गाव पैसे देते त्या क्षणी तो मुलगा एका बापाचा राहत नाही. साऱ्या मुलुखाची आशा त्याच्या दप्तरात भरली जाते. त्या वयाच्या पोराला ते ओझे पेलवणार कसे? एके दिवशी पोलीस त्याला वर्गातून उचलून नेतात, खुनाच्या चौकशीसाठी त्याचे हाल करतात, आणि शिक्षण तेथेच संपते. पुढे तो एका हिंदी दुकानदाराच्या कापडाच्या दुकानात नोकरी करतो आणि तेथूनही काढला जातो. हे दुकान आपण भारतीय वाचकांनी जरा थांबून पाहावे. आपला माणूस तेथे गोऱ्यांतही नाही, काळ्यांतही नाही, गल्ल्यामागे उभा आहे.

कलादृष्ट्या ही कादंबरी निर्दोष नाही. न्जोरोगे हा कर्ता कमी आणि स्वप्नाचा वाहक अधिक झाला आहे. बाप न्गोथो आणि भाऊ बोरो यांच्यातील अबोला जितका जिवंत उतरला आहे, तितके न्जोरोगेचे अंतरंग उतरलेले नाही. आणि शेवटची प्रकरणे घाईने गुंडाळल्यासारखी वाटतात. परंतु लेखक तेव्हा पंचविशीच्या आसपासचा होता आणि आपलेच बालपण सांगत होता, हे ध्यानी घेतले की दोषांची टोचणी कमी होते.

डांगारेंब्गा यांनी मात्र स्वप्नाऐवजी हिशोब हाती घेतला, आणि येथेच त्यांची सरशी झाली असे मला वाटते. ऱ्होडेशियातील तांबू ही मुलगी; भाऊ न्हामो शाळेत जातो, पण तिच्या फीसाठी घरात पैसा नाही. ती बापाकडे बियाणे मागते आणि स्वतः मका पिकविते. कणसे नाहीशी होऊ लागतात; भावानेच ती शाळेतल्या मुलांना वाटली असल्याचे उघड होते, आणि ती त्याच्यावर तुटून पडते. पुढे मातिंबा नावाचे शिक्षक तिला शहरात नेतात. एक गोरी बाई पोरीला राबविल्याबद्दल त्यांना खडसावते. शिक्षक ही पोर अनाथ असल्याची थाप मारतात, आणि बाई १० पौंड काढून देते. बापाला हे कळताच तो शाळेत जाऊन ते पैसे आपले म्हणून मागतो. दया, अपमान, लबाडी, हाव आणि एका मुलीची जिद्द ही सारी या एका प्रकरणात इतकी एकमेकांत मिसळली आहेत की कोणाला दोष द्यावा हे वाचकाला ठरविता येत नाही. परसत्तेखालील बालपण कसे असते हे सांगणारी पुष्कळ व्याख्याने मी ऐकली आहेत. त्यांतले एकही या मक्याच्या शेताइतके सांगत नाही.

न्हामो काकांच्या मिशन शाळेत जातो आणि सुट्टीत घरी येतो तो शोना भाषा विसरल्याचे सोंग घेऊन. गरजेच्या वेळी ती त्याला बरोबर आठवते, ही लेखिकेची मिस्कील नोंद आहे. पण १९६८ मध्ये तो मिशनवर मरण पावतो तेव्हा त्याची आई दीर आणि जाऊ यांना बोल लावते : आधी त्याची जीभ नेली, मग तो सगळाच नेला. आईचा हा आक्रोश अन्यायाचा आहे, कारण मुलाला कोणी मारलेले नाही. आणि तरीही तो खरा आहे.

काका बाबामुकुरू हे मुख्याध्यापक आहेत. आमच्या धंद्यातल्या माणसाने हे पात्र आरशासमोर बसून वाचावे. हा गृहस्थ दुष्ट नाही. सारे कूळ त्याच्या मिळकतीवर उभे आहे, आणि त्याचा दानशूरपणा दिखाऊ नाही. पण स्वतः वर चढलेल्या मनुष्याला आपण चढलो तीच शिडी शास्त्रशुद्ध वाटू लागते. बायको त्याच्याइतकीच शिकलेली असूनही तिचा पगार घरखर्चात मुकाट्याने विरून जातो. मुलगी न्याशा इंग्लंडात वाढल्यामुळे उलट बोलते, म्हणून तो तिच्यावर हात टाकतो. न्याशा अन्न नाकारते, अंगाने झडत जाते, आणि अखेर इतिहासाचे पुस्तक दातांनी फाडते. तिला तपासणारा पहिला डॉक्टर म्हणतो की आफ्रिकी माणसाला असला विकार होतच नाही. हा भाग काही समीक्षकांना अंगाबाहेरचा वाटला आहे. मला तसे वाटत नाही. आक्षेप असलाच तर तो प्रौढ तांबूच्या निवेदनाबद्दल आहे. प्रसंग स्वतः बोलत असताना ती अधूनमधून त्याचा अर्थ समजावून सांगू लागते.

जिभेचा प्रश्न दोन्ही लेखकांनी स्वतःच्या अंगावर सोसलेला आहे. १९५२ च्या आणीबाणीत राष्ट्रवाद्यांच्या शाळा सरकारने ताब्यात घेतल्या आणि न्गुगींचे शिक्षण इंग्रजीत सुरू झाले. शाळेत गिकुयू बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात 'मी गाढव आहे' अशा अर्थाची पाटी अडकवीत, हे त्यांनी १९८६ च्या एका ग्रंथात नोंदविले आहे. पुढे त्यांनी गिकुयूत लिहावयाचे ठरविले, तुरुंगात असताना गिकुयू कादंबरी लिहिली, आणि २०२५ मध्ये निधन होईपर्यंत तो आग्रह सोडला नाही. आपल्या सीमाभागात घरी मराठी, रस्त्यावर कानडी आणि वर्गात इंग्रजी बोलणारी मुले रोज दिसतात. त्यांच्या गळ्यात पाटी नसते, हा फरक मोठा आहे. पण आजीशी मराठीत बोलताना अडखळणारा आणि त्या अडखळण्याचा थोडासा अभिमान वाटणारा न्हामो मला सातवीच्या वर्गात ओळखता येतो.

तांबूची कथा 'द बुक ऑफ नॉट' (२००६) आणि 'धिस मोर्नेबल बॉडी' (२०१८) या दोन पुस्तकांत पुढे गेली आहे. ती अवश्य वाचावीत. पण आधी पहिले पुस्तक, आणि त्यातही मक्याचे प्रकरण सावकाश.